स्वरांच्या जागी चौकोन

दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरी एक विधी असतो. त्याला साफसफाई असे सौम्य नाव आहे. पण त्यात दरवर्षी कुणाचा तरी बळी जातो. एका वर्षी आईचा पितळी बंब गेला, एका वर्षी ग्रामोफोनच्या तबकड्या गेल्या, एका वर्षी माझा टाइपरायटर गेला. यंदा पाळी होती माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरची. भंगारवाला दारात येऊन उभा राहिला होता, किलोचा भाव ठरला होता, आणि ऐन वेळी मी त्याला रिकाम्या हाताने परत पाठवले. घरातल्या मंडळींनी हे म्हातारपणाचे लक्षण मानले. माझे म्हणणे असे की, ते लक्षण नव्हते. तो एक सिद्धान्त होता, आणि तो मी आज भरल्या फराळाच्या ताटासमोर मांडणार आहे. वाचकांनी चकली खात खात ऐकावा, पण ऐकावा.

प्रथम दादाविषयी सांगायला हवे. माझे थोरले बंधू व्हायोलिन वाजवीत. गिरगावातल्या आमच्या दोन खोल्यांत त्यांचा रियाज चाले तेव्हा शेजारचे लोक घड्याळ लावीत. नोटेशन वाचायला ते शिकले एका गोवेकर मास्तरांकडे. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना पाच रेघांवरचे स्वर वाचायला शिकवीत. तिथून मुंबईत आलेल्या वादकांनी सिनेमाचे वाद्यवृंद उभे केले हे सर्वश्रुत आहे. त्या मास्तरांचे एक वाक्य दादा नेहमी सांगत: जे लिहिले नाही, ते वाजले नाही असे समज. दादांनी ते मनावर घेतले. सुचेल ते लिहून ठेवायचे. आधी शाईने, आणि १९९९ साली घरी कॉम्प्युटर आल्यावर त्याच्यावर. साठी उलटलेला हा माणूस स्वरलेखनाचा एक परदेशी प्रोग्राम विकत घेऊन चार महिने उंदीर हातात धरून बसला, आणि शेवटी असा तरबेज झाला की, कागद त्याने सोडूनच दिला. इथेच आमचे चुकले. पण ते पुढे.

२००९ साली दादा गेले. त्यांच्या मागे सीडीवर एकशे अकरा रचना राहिल्या. त्यांतली एक त्यांनी नातीच्या बारशासाठी केली होती: दोन व्हायोलिने आणि पेटी, राग अहिरभैरव. पेटी मी वाजवायची असे ठरले होते, आणि मला पाच रेघा नीट वाचता येत नाहीत म्हणून त्यांनी स्वरांच्या खाली माझ्यासाठी देवनागरीत सा, रे, ग लिहिले होते. ती नात, मनवा, आता एकोणीस वर्षांची आहे आणि व्हायोलिन बरे वाजवते. यंदा ती म्हणाली, "बापूआजोबा, पाडव्याच्या सकाळी आपण आजोबांचे ते वाजवू या." एवढ्या साध्या इच्छेवरून हे सारे महाभारत घडले.

मनवाने आपल्या नव्या लॅपटॉपमध्ये दादांची सीडी घातली. प्रोग्राम बसवणारा 'सेटअप' चालेचना. कारण असे निघाले की, प्रोग्राम ३२ बिटांचा असला तरी त्याचा सेटअप त्याहून जुन्या, १६ बिटांच्या घराण्यातला होता, आणि आजचे ६४ बिटांचे विंडोज त्या घराण्याशी बोलतच नाही. पोरगी हुशार. दादांनी अख्ख्या प्रोग्रामचे फोल्डर सीडीवर उतरवून ठेवले होते. तिने तेच उचलून नव्या यंत्रात ठेवले आणि प्रोग्राम उघडला. पाच रेघा दिसल्या. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग दादांची रचना उघडली, आणि टाळ्या थांबल्या.

पानाच्या आरंभी, जिथे शंखासारखी वळणे घेतलेली ट्रेबल क्लेफ असायची, तिथे इंग्रजीतले 'अँड'चे चिन्ह बसले होते. जिथे स्वर, तिथे कुठे क्यू हे अक्षर, कुठे रिकामा चौकोन. कोमल ऋषभाच्या आधी एक इंग्रजी बी तेवढी ओळखीची वाटली. खाली माझ्यासाठी लिहिलेल्या सारेगमच्या जागी तर शिव्या लिहाव्यात तशी चिन्हांची रांग होती. सगळे पान अंधुक, दुसऱ्याचा चष्मा लावून पाहिल्यासारखे. एकशे अकरा रचना अशा. मनवाचे डोळे भरून आले. मी उगाच पाणी प्यायला आत गेलो.

आता मूळ वादाकडे येतो. आम्ही सल्ला विचारायला निघालो, आणि पाच ठिकाणी एकच सल्ला मिळाला. एका झगमगीत दुकानातला तरुण म्हणाला, "काका, हे फार जुने झाले. नवीन घ्या." प्रोग्राम विकणाऱ्या कंपनीला पत्र लिहिले, उत्तर आले, ही आवृत्ती आम्ही आता सांभाळत नाही, नवी सवलतीत मिळेल. शेजारचे एक गृहस्थ म्हणाले, "जाऊ द्या हो, जगरहाटी आहे." सल्ला देणाऱ्यांतल्या एकानेही ते पान दोन मिनिटे नीट पाहिले नाही. जुने आहे एवढे कळले की यांचे निदान संपले! माझ्या डॉक्टरांनी हीच पद्धत स्वीकारली तर माझ्या वयाच्या माणसाने जावे कुठे?

म्हणून मी म्हणतो की, 'जुने झाले, नवीन घ्या' हा सल्ला नव्हे. तो आळस आहे, आणि पुष्कळदा तो विक्रीचा बोर्ड आहे. दादांच्या पानाला काय झाले होते ते ऐका, म्हणजे पटेल.

छापखान्यात खिळ्यांची केस असते. प्रत्येक घरात एकेक अक्षराचे खिळे. जुळारी डोळे मिटून हात घालतो आणि 'क'च्या घरातून 'क' काढतो. आता कुणी रात्रीतून केस बदलली आणि त्या घरांत इंग्रजी खिळे भरले, तर जुळाऱ्याचा हात बिनचूक जाईल, पण उमटेल भलतेच. नेमके हेच झाले होते. १९८० च्या दशकात अ‍ॅडोबी कंपनीत क्लिओ हगिन्स या बाईंनी 'सोनाटा' नावाचा संगीताचा टाइप तयार केला. त्यात संगीताची चिन्हे इंग्रजी अक्षरांच्या घरांत बसवली होती: 'अँड'च्या घरात ट्रेबल क्लेफ, क्यूच्या घरात एका मात्रेचा स्वर. पुढे अनेक प्रोग्रामांचे टाइप याच वहिवाटीने चालले. टाइप जागेवर असला तर क्लेफ दिसते. नसला तर घरावरची मूळ पाटी दिसते. आणि हे टाइप प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये राहत नाहीत. ते विंडोजच्या 'फॉन्ट्स' नावाच्या वेगळ्या कोठारात राहतात. सेटअप चालला असता तर त्याने ते तिथे नेऊन ठेवले असते. आम्ही सामान आणले, पण खिळ्यांची केस जुन्या बिऱ्हाडीच राहिली. देवनागरीचीही तीच कथा. युनिकोड घरोघर पोचण्याआधी मराठीसाठी ज्याचा त्याचा फॉन्ट निराळा होता. त्या काळातली पत्रिका किंवा पुस्तक आज उघडणाऱ्या कोणालाही ही शिव्यांची रांग परिचयाची आहे.

म्हणजे दादांच्या स्वरांना काहीही झाले नव्हते. फाईल धडधाकट होती. हरवले होते फक्त दोन टाइप, आणि ते होते माळ्यावरच्या त्या डब्यात, ज्याचा किलोचा भाव ठरला होता!

आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओ दुरुस्तीचे एक जुने दुकान आहे. तिथल्या मिस्त्रींनी डबा उघडला, त्यातली हार्ड डिस्क काढली, एका बोटभर अडॅप्टरने मनवाच्या लॅपटॉपला जोडली, आणि फॉन्ट्सच्या कोठारातून दोन फाईली उचलून नव्या यंत्रात बसवल्या. उजवे बटण, 'इन्स्टॉल', संपले. पान पुन्हा उघडले, आणि जिथे 'अँड' होता तिथे क्लेफ वळसे घेत उभी राहिली. खाली माझे सा रे ग. मिस्त्री पैसे घेईनात. म्हणाले, "नंतर वाजवून दाखवा, बापू."

राहिला प्रश्न अंधुक दिसण्याचा. त्यातही जादू नाही. जुन्या विंडोजच्या जमान्यात पडद्यावर इंचाला ९६ ठिपके असे गृहीत धरून प्रोग्राम लिहीत. सोळा ठिपक्यांचे बटण म्हणजे सुमारे चार मिलिमीटर. बोटाला नाही, पण डोळ्याला पुरेसे. मनवाच्या पंधरा इंची लॅपटॉपवर आडवे ३८४० ठिपके आहेत. इंचाला सुमारे २८०. तिथे तेच बटण दीड मिलिमीटरचे, तिळाएवढे होईल. म्हणून विंडोज दयेपोटी जुन्या प्रोग्रामचे चित्र रबरासारखे ताणून मोठे करते, आणि ताणले की ते फिके पडते. इलाज असा: प्रोग्रामच्या चिन्हावर उजवे बटण दाबून 'प्रॉपर्टीज', त्यात 'कॉम्पॅटिबिलिटी', त्यात 'चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज'. तिथे 'ओव्हरराइड'च्या चौकोनात खूण केली की खाली तीन पर्याय मिळतात. 'अ‍ॅप्लिकेशन' निवडले तर सारे रेखीव, पण तिळाएवढे. 'सिस्टम' निवडले तर आकार ठीक, पण अंधुक. 'सिस्टम एनहान्स्ड' निवडले तर आमच्याकडे अक्षरे आणि स्वर रेखीव झाले, आकारही राहिला. वरची बटणे चित्रे असल्यामुळे तेवढी फिकी राहिली. हा तिसरा पर्याय सगळ्याच जुन्या प्रोग्रामांना मानवतो असे नाही. न मानवला तर दुसऱ्यावर यावे. वेळ लागला पाच मिनिटे. खर्च शून्य. आणि पाच शहाण्यांनी आम्हाला नवा प्रोग्राम घ्यायला सांगितले होते.

इथे काही मंडळींचे आक्षेप मला ऐकू येत आहेत. पहिला शुद्ध परंपरेचा: आपले संगीत गुरुमुखातून यायचे, ते कागदावर आणि यंत्रावर हवे कशाला? या मंडळींना मी दोन विष्णूंची आठवण देतो. विष्णु नारायण भातखंडे हे पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून उस्तादांच्या पेटाऱ्यांतल्या चिजा गोळा केल्या आणि क्रमिक पुस्तकांच्या मालिकेत छापून टाकल्या. विष्णु दिगंबर पलुसकरांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि आपली वेगळी स्वरलिपी चालवली. दोघांच्या पद्धती निराळ्या, अनुयायांत वादही. पण चीज माणसाबरोबर मरू नये याविषयी दुमत नव्हते. लिहिलेली चीज म्हणजे गाणे नव्हे, हे मलाही मान्य आहे. पण पत्ता म्हणजे घर नव्हे म्हणून कोणी पत्ता फाडून टाकीत नाही.

आणि भातखंड्यांनी चिन्हे कशी निवडली ते पाहा. स्वरांना आपलीच अक्षरे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमाच्या डोक्यावर उभी रेघ. मंद्र सप्तकाला खाली टिंब, तार सप्तकाला वर टिंब. समेला फुली, खालीला शून्य. पुस्तक उघडावे आणि वाचावे. कोणाची परवानगी नको. त्याहून जुना दाखला हवा असेल तर व्हेनिसमध्ये १५०१ साली ओत्ताव्हियानो पेत्रुच्चीने सुट्या खिळ्यांनी छापलेला गीतसंग्रह घ्या. पाचशे वर्षे उलटली, आजही जाणकाराला तो डोळ्यांनी वाचता येतो. गंमत अशी की, 'फिनाले' नावाच्या प्रसिद्ध स्वरलेखन प्रोग्रामच्या सुरुवातीच्या टाइपला याच पेत्रुच्चीचे नाव दिले होते. नाव घेतले, टिकाऊपणा घ्यायचा राहिला.

कारण फिनालेचे पुढे काय झाले? १९८८ साली निघालेला हा प्रोग्राम २६ ऑगस्ट २०२४ रोजी त्याच्या कंपनीने बंद केल्याचे जाहीर केले. कोणतीही कंपनी अमर नसते आणि पस्तीस वर्षांचा जुना पसारा सांभाळणे सोपे नसते, हे मी मान्य करतो. बंद करण्याचा हक्क त्यांचा. पण पहिल्या घोषणेत असेही होते की, वर्षभरानंतर हा प्रोग्राम नव्या यंत्रावर अधिकृत करून घेता येणार नाही. म्हणजे पैसे मोजून घेतलेली पेटी, आणि यंत्र बदलले की कुलूप! जगभरच्या संगीतकारांनी आरडाओरडा केला, आणि कंपनीने ती मुदत काढून टाकली. यातून दोन धडे. एक, कुलपाची किल्ली दुसऱ्याच्या खिशात असते. दोन, ओरडल्याने फरक पडतो. जे 'जाऊ द्या हो' म्हणतात त्यांनी दुसरा धडा पुन्हा वाचावा.

दुसरा आक्षेप व्यवहारी लोकांचा: एक रचना वाचवलीत, पण आणखी वीस वर्षांनी काय? हा आक्षेप खरा आहे. टाइप बसवणे आणि पडद्याचे माप जुळवणे ही मलमपट्टी आहे. विंडोज आणखी बदलेल आणि एक दिवस हा प्रोग्राम उघडणारच नाही. म्हणून जुने यंत्र दुरुस्त करायचे ते त्याची पूजा करायला नव्हे, तर आतला माणूस बाहेर काढायला. बाहेर काढायचा तो कसा, तेही आम्ही अनुभवाने शिकलो.

दादांच्या प्रोग्रामला बाहेर जायचे एकच दार होते: 'मिडी'. १९८३ सालची ही पद्धत यंत्राला कुठला स्वर किती वेळ वाजवायचा हे सांगते. लिहिणाऱ्याच्या मनातले सांगत नाही. दादांनी षड्ज धरला होता इंग्रजी डीवर; त्यांचा कोमल ऋषभ म्हणजे ई फ्लॅट. मिडीला ई फ्लॅट आणि डी शार्प एकच. नव्या प्रोग्रामने ती फाईल उघडताना निवडले डी शार्प. म्हणजे आमच्या अचल षड्जाला बिचाऱ्याने तीव्र करून टाकले! गज खाली कुठे ओढायचा आणि वर कुठे, याच्या दादांच्या खुणा तर वाटेतच गळाल्या. सूर आले, हात गेला.

शेवटी आम्ही दोन गोष्टी केल्या. सगळ्या एकशे अकरा रचना पीडीएफमध्ये छापल्या. तिच्या पोटातच टाइप साठवता येतो, मग तो समोरच्या यंत्रावर असो वा नसो. आणि अहिरभैरव मनवाने पीडीएफ पाहून 'म्यूझस्कोअर'मध्ये नव्याने लिहिला. हा प्रोग्राम फुकट आहे, आणि त्याची आतली घडणही सर्वांना उघडी आहे. तो 'म्यूझिकएक्सएमएल' नावाच्या पद्धतीत फाईल ठेवू शकतो. मायकेल गुड यांनी सुरू केलेली आणि २००४ साली पहिली पक्की आवृत्ती निघालेली ही पद्धत कोणा एका दुकानाची नाही. निरनिराळ्या प्रोग्रामांना ती समजते. तिच्यात ई फ्लॅट हा ई फ्लॅटच राहतो आणि गजाच्या खुणाही.

तेव्हा माझ्या मागण्या सांगतो. स्वरलेखनाचा प्रोग्राम विकणाऱ्याने बाहेर जायचे खुले दार पहिल्या दिवसापासून ठेवले पाहिजे. ही मेहरबानी नव्हे, ते गिऱ्हाइकाचे देणे आहे. दुकान बंद करणाऱ्याने जाताना कुलूप काढून जावे. दुरुस्ती करणाऱ्याने 'जुने झाले' म्हणण्याआधी पाच मिनिटे पान पाहावे. आणि चौथी मागणी माझ्यासकट आपल्या सगळ्यांकडे. दादा गेल्यानंतर पंधरा वर्षांहून अधिक काळ ती सीडी माझ्या कपाटात होती. तेव्हा जुना कॉम्प्युटर चालत होता, छापण्याचे यंत्रही होते. एका दुपारचे काम. मी ते केले नाही. कंपनीला आणि दुकानदाराला मी चार शब्द सुनावले ते योग्यच होते, पण मास्तरांचे वाक्य विसरलो होतो मी. ज्यांच्या घरी कुणा आजीच्या ओव्या, कुणा आजोबांची पत्रे, कुणा मास्तरांच्या चिजा अशा जुन्या फॉन्टमध्ये अडकल्या असतील, त्यांनी या दिवाळीत एक दुपार काढावी. आधी फॉन्ट शोधावा, मग कागदावर छापावे, मगच भंगारवाल्याला हाक मारावी.

पाडव्याला पहाटे आम्ही वाजवले. मनवाने पहिले व्हायोलिन, तिच्या मैत्रिणीने दुसरे, आणि मी पेटी, चष्मा नाकाच्या टोकावर आणि समोर छापलेला कागद. मधल्या ओळीत मी दोनदा चुकलो. मिस्त्री दारातल्या पाटावर बसून ऐकत होते. रचना संपल्यावर मनवाने कागदाच्या शेवटच्या ओळीखाली बोट ठेवले. तिथे दादांनी बारीक अक्षरात, खास माझ्यासाठी लिहिले होते: बापू, इथे घाई करू नकोस. मी घाईच केली होती.

आठ दिवसांनी भंगारवाला पुन्हा आला. डबा आणि पडदा मी त्याला देऊन टाकला. हार्ड डिस्क दिली नाही. त्याने वजन केले आणि म्हणाला, "काका, हलका लागतोय."